मॅट्रिक नापास, जगाचे गुरुजी!

तुमची रोजची चप्पल जरा उलटी करून बघा. टाच एका बाजूने जास्त झिजलीय? म्हणजे तुम्ही उभं राहताना, चालताना भार एकाच बाजूला टाकताय. उभं राहणं ही पण शिकायची गोष्ट आहे, हे जगाला सांगणारा माणूस आपल्या पुण्यात राहत होता. बी. के. एस. अय्यंगार, पुणेकरांचे अय्यंगार गुरुजी.

रील्सवर शीर्षासन करणारी ती लवचिक मंडळी बघून ‘आपलं काम नाही बुवा’ असं वाटतं ना? मग गुरुजींची गोष्ट वाचाच. १४ डिसेंबर १९१८ला कर्नाटकातल्या बेळ्ळूरमध्ये, फ्लूची साथ चालू असताना त्यांचा जन्म झाला. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं मागे लागलेलं. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. तब्येत सुधारावी म्हणून मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांनी त्यांना म्हैसूरला नेलं. कृष्णम्माचार्य म्हणजे योगातलं मोठं नाव; पण या काटकुळ्या मुलाकडून त्यांनाही फार आशा नव्हती. त्यात मॅट्रिकला इंग्रजीत दांडी उडाली!

सायकल, उपास आणि पुणं

१९३७मध्ये अय्यंगार योग शिकवायला पुण्यात आले, तेव्हा वय होतं अवघं अठरा. मराठी येत नव्हतं आणि समोरचे बरेच विद्यार्थी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे नि तब्येतीने दणकट. डेक्कन जिमखान्यावरचं काम संपल्यावर तर खायचीही मारामार होती. पण पठ्ठ्या रोज तासन्‌तास सराव करत राहिला. गुरू लांब म्हैसूरला, त्यामुळे कुठे दुखतंय आणि का, हे स्वतःच्याच शरीराला विचारायचं. पुढे हीच त्यांची पद्धत झाली.

१९५२मध्ये मुंबईत जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले. थकलेल्या मेन्युहिन यांना या भेटीने इतका आराम पडला, की १९५४मध्ये त्यांनी गुरुजींना थेट स्वित्झर्लंडला नेलं. १९६६मध्ये ‘लाइट ऑन योगा’ आलं. दोनशेच्या आसपास आसनं आणि सुमारे सहाशे फोटो! इंग्रजीत नापास झालेल्या मुलाचं हे इंग्रजी पुस्तक आज जगभर वाचलं जातं.

वीट, पट्टा, खुर्ची

योगा किटमधल्या त्या विटा आणि पट्टे जगभर पोचवले ते गुरुजींनीच. हात जमिनीला टेकत नाही? खाली वीट ठेवा. पायापर्यंत पोचत नाही? पट्टा अडकवा. पाठ दुखते? खुर्चीचा आधार घ्या. आधार घेणं म्हणजे चीटिंग नाही. वाकडंतिकडं होऊन पायाला हात लावण्यापेक्षा पट्टा धरून पाठ सरळ ठेवणं त्यांना जास्त मोलाचं वाटायचं. १९७९मध्ये अपघातात स्वतः जबर जखमी झाले, तेव्हा त्यांनीही याच आधारांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

गुरुजी कडकही होते बरं का! विद्यार्थ्यांना चापट बसायची. त्यांच्या आद्याक्षरांचा परदेशी शिष्यांनी ‘बँग, किक, स्लॅप’ असा अर्थ लावला होता. आज ही पद्धत कुणाला पटणार नाही, आणि पटूही नये. पण ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ हा त्यामागचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही.

१९७५मध्ये मॉडेल कॉलनीत दिवंगत पत्नीच्या नावाने ‘रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था’ सुरू झाली. २०१४मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

आज एवढंच करा

शीर्षासन यूट्यूब बघून नको, ते शिक्षकांसमोरच. सुरुवात ताडासनाने करा. पावलं जुळवा. भार दोन्ही पायांवर, टाच आणि चवडा दोन्हींवर सारखा. गुडघ्याच्या वाट्या वर खेचा, पोट पुढे काढू नका, छाती उघडी, खांदे सैल. मोबाइल लांब ठेवा आणि मिनिटभर श्वास चालू ठेवून नुसते उभे राहा.

सोपं वाटलं? मग डाव्या टाचेवर किती भार आहे आणि उजव्या टाचेवर किती, ते सांगा बघू!