गाजरगवताची सर्दी व गुंगी आणणाऱ्या गोळ्या

पावसाळ्यात नागपूरजवळ हुडकेश्वरच्या आसपास धुऱ्यांवर व पडीत जागी गाजरगवत फुलते. १९५६ साली पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज राज्यभर पसरले आहे. त्याच्या परागकणांमुळे कित्येकांस सारख्या शिंका येतात, नाक वाहते व डोळे चुरचुरतात. यात ताप नसतो. शरीरात हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटल्याने हा त्रास होतो.

क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या गोळ्या हिस्टामिनास रोखतात. परंतु त्या मेंदूपर्यंत पोचत असल्याने गुंगी आणतात. सेटिरिझिननेही काहींस झोप येते. गोळी रात्री घेतली तरी सकाळी सुस्ती राहू शकते. अशा वेळी ट्रॅक्टर, मळणीयंत्र वा कडबाकुट्टी यंत्र चालवू नये, विहिरीत उतरू नये. गोळीवर मद्य तर मुळीच घेऊ नये. फेक्सोफेनाडिनने गुंगी क्वचितच येते. त्याविषयी डॉक्टरांस विचारावे.

मूळ उपाय शेतातच आहे. जमीन ओली असता, फुलोऱ्यापूर्वीच गवत मुळासकट उपटावे. हातमोजे घालावेत, नाकातोंडावर रुमाल बांधावा व घरी येताच हात-तोंड धुवावे. कोणास धाप लागल्यास वा छातीत घरघर होऊ लागल्यास ग्रामकार्यकर्त्यांनी त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवावे.