वापराने नव्हे, उन्हाने थकणारी बॅटरी

विजेवरच्या टूथब्रशचा हिशेब मांडून बघा. सकाळी दोन मिनिटे, रात्री दोन मिनिटे. एका चार्जिंगवर ब्रश दोन आठवडे चालला, तर बॅटरीने पंधरवड्यात काम केले ते उणापुरा तासभर. वर्षाकाठी चार्जिंगची वेळ येते २६ वेळा. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरण्या-रिकामी होण्याचे ३०० ते ५०० फेरे सहज सोसते. म्हणजे ती दहा वर्षे तरी पुरायला हवी. तरीही अनेकांचा ब्रश तीन-चार वर्षांतच मान टाकतो. कारण ही बॅटरी राबून झिजत नाही, नुसती बसून झिजते. आणि नागपुरात तर तापत बसून.

आत घडते ते असे. बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या टोकावर एक पातळ थर जमतो. हा थर आवश्यकच असतो. पण तो वाढत गेला, की दातांवर चढणाऱ्या किटणासारखा दाट होतो आणि कामाचे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. ही रासायनिक क्रिया उष्णतेने वेग धरते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की वेग जवळपास दुप्पट होतो. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढे टोक रोज गाठले जात नाही, पण स्लॅबखालची पश्चिमेकडची न्हाणी मे महिन्यात रात्रीही निवत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे काठोकाठ भरलेली अवस्था. अभियंते वापरतात त्या एका ढोबळ कोष्टकानुसार पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंशांवर वर्षभर ठेवली, तर तिची क्षमता सुमारे ८० टक्के उरते. ४० अंशांवर ६५ टक्के. तीच ४० टक्केच भरून ४० अंशांवर ठेवली, तर सुमारे ८५ टक्के! म्हणजे उन्हात ठेवलेली अर्धवट भरलेली बॅटरी गारव्यातल्या भरगच्च बॅटरीपेक्षा सरस ठरते. आपण मात्र ब्रश बाराही महिने स्टँडवर उभा ठेवतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या तत्त्वावर स्टँडमधले वेटोळे ब्रशमधल्या वेटोळ्यात वीज उतरवते. त्यातली काही उष्णता होऊन वाया जाते, आणि ती बॅटरीच्याच बुडाशी.

२६ मे २०१७ रोजी, ऐन नवतप्याच्या उन्हात, विजेवरच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग नागपुरातच सुरू झाला होता. मोटारीच्या बॅटरीचे तापमान सांभाळण्याची काही ना काही सोय असते. ब्रशच्या बोटाएवढ्या बॅटरीची काळजी घरच्यांनीच घ्यायची.

तेव्हा स्टँड न्हाणीतून काढा आणि कूलर किंवा एसी असलेल्या खोलीत न्या. पहाटेची वेळ चार्जिंगला उत्तम. काही कंपन्या माहितीपत्रकात ३५ अंशांची मर्यादा स्पष्ट लिहितात, ती मे महिन्याच्या दुपारी पाळणे अवघडच. वेग मंदावू लागला की चार्ज करा, भरला की उतरवून ठेवा. सुट्टीत गावाला जाताना ब्रश घरीच राहणार असेल, तर निम्मा भरलेला ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात मुळीच नको, आणि फ्रीजमध्येही नको. बाहेर काढला की त्यावर दव धरते.

ब्रश जुना किंवा स्वस्तातला असेल, तर बुडावरचे अक्षर वाचा. निकेल-मेटल हायड्राइड असेल, तर सहा महिन्यांतून एकदा वापरता वापरता पूर्ण उतरू देणे बरे. लिथियमला हा उपचार उलट घातक. दातांवर दाबून घासल्यानेही मोटरवर ताण येऊन चार्ज लवकर उतरतो. पण त्यात बॅटरीपेक्षा हिरड्यांचे नुकसान जास्त.

बॅटरी संपलीच, तर ब्रश कचरागाडीत टाकू नका. नागपुरातल्या भांडेवाडीच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात तशाही आगी लागतात, आणि चिरडलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुना ब्रश ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.