शिकत्या बायांचा गोदाकाठ

नाशिकच्या थोरांची यादी सांगा म्हटले की पहिल्या दमात फाळके, सावरकर, दादासाहेब गायकवाड, कुसुमाग्रज, कानेटकर ही नावे येतात. मग बोलणारा जरा थांबतो आणि ‘हो, लक्ष्मीबाई टिळकसुद्धा’ अशी भर घालतो. शिक्षणाच्या क्षेत्रातल्या बायांपर्यंत यादी क्वचितच पोचते. पोचलीच तर त्यांचे कौतुक ‘साऱ्यांची आई’ या दोन शब्दांत आटोपते. माया, त्याग, वात्सल्य हे सगळे खरेच आहे, पण त्या ओघात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या बायांना स्वतःला कोणी शिकवले? नाशिक शहर आणि जिल्ह्यापुरते पाहिले तरी त्याचे उत्तर पिढीगणिक बदललेले दिसते. आपल्याकडच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास मला शाळांच्या स्थापनेच्या सनावळीपेक्षा या बदलात जास्त दिसतो.

1878 मध्ये माधवराव रानडे यांची बदली नाशिकला झाली. पत्नी रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. लग्नानंतर माधवरावांनीच त्यांना शिकवायला घेतले होते आणि पुण्याच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून त्यांचा पुरेपूर छळ केला होता. नाशिकला आल्यावर तो जाच सुटला. इथेच त्या पहिल्यांदा जाहीर कार्यक्रमात बोलल्या, पण ते भाषण नवऱ्याने लिहून दिलेले होते. यात रमाबाईंना कमी लेखण्याचा हेतू नाही. पुढे सेवासदन उभे करणारी आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिणारी बाई कोणाच्या मजकुरावर अवलंबून नव्हती. पण सुरुवात तिथून होती, हे नोंदवायला हवे. त्या काळी शिकणारी बाई म्हणजे सुधारक नवऱ्याची बायको. नवरा तसा मिळाला नाही तर विषय संपला.

लक्ष्मीबाईंचे तर त्याहून अवघड. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांच्या सोवळ्याने घर पिळून निघालेले, शाळेचा प्रश्नच नव्हता. नारायण वामन टिळकांशी लग्न झाले आणि अक्षरओळखही त्यांच्याकडूनच झाली. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा संसार दुभंगला. काही वर्षांनी तो पुन्हा जुळला. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहा अध्यायांवर थांबले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याने हाती पाटी दिली खरी, पण ग्रंथ पुरा करायची वेळ आली तेव्हा गुरूच्या सहापटीहून अधिक काम शिष्येने केले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे मोठेपण नव्याने सांगायला नको. कधी शाळेत न गेलेल्या बाईने बोलीभाषेत लिहिलेले ते पुस्तक पुढे मराठीच्या वर्गांत अभ्यासाला लागले, आणि हा न्याय मला फार आवडतो. 1936 मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

अनुताई वाघ म्हटल्या की आपण डहाणूजवळच्या कोसबाडला जातो. नाशिकचा त्यांच्यावरचा हक्क मात्र आपणच विसरलो आहोत. 1910 साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. त्या काळी अशा मुलीच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा आराखडा तयारच असे: आलवण, माजघर, भावजयांच्या बाळंतपणांची उस्तवार. अनुताईंच्या घरच्यांनी मात्र त्यांना पुन्हा अभ्यासाला लावले. त्या व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला बसल्या त्या इगतपुरीहून. पुण्याला शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन 1929 मध्ये पहिली नोकरी धरली तीही आपल्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या चांदोरीला. गोदावरीच्या काठचे गाव, खेड्यातली शाळा आणि विशीही न ओलांडलेली विधवा बाई. तिथल्या चार वर्षांत गाव त्यांच्याशी कसे वागले असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

इथे साखळीचा एक दुवा हाताला लागतो. चांदोरीनंतर अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. 1884 मध्ये ती शाळा उभी राहिली तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांत रमाबाईंना शिकवणारे माधवराव रानडेच होते. नोकरी करता करता अनुताई रात्रीच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. म्हणजे दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्री स्वतः बाकावर बसायचे. बी.ए. तर त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर केले. त्या वयात पदवीने पगारात काय फरक पडणार होता, हा व्यवहारी प्रश्न त्यांना कोणी ना कोणी विचारलाच असेल.

1945 मध्ये त्या ताराबाई मोडकांना येऊन मिळाल्या, आधी बोर्डीला आणि 1956-57 च्या सुमारास कोसबाडला. ताराबाईंचे आयुष्य हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला बालशिक्षणाचे धडे गिरवलेली ही बाई नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि पदरी मुलगी होती. 1920 च्या दशकात तिने हे कसे निभावले असेल, यावर बालशिक्षणाच्या पुस्तकांत फारसे काही सापडत नाही. आपण त्यांना पद्मभूषण म्हणून ओळखतो, एकट्या आईची ओळख मात्र सोयीने बाजूला ठेवतो.

कोसबाडला या दोघींनी काय केले, ते नीट पाहायला हवे, कारण ‘वात्सल्य’ शब्दाखाली सगळ्यात जास्त झाकले गेले आहे ते हेच. तिथल्या वारली आदिवासींची मुले शाळेत येत नव्हती. ‘आदिवासींना शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा मारून तपासनीस मोकळे झाले असते. या बायांनी मात्र कारणे शोधली. मोठी मुले गुरे राखायला जातात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. मग शाळा पाड्यावर, घराच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. गुरे चरतात तिथे जाऊन भरवायची, ती कुरणशाळा. मुलीच्या कडेवरचे पोर पाळणाघरात ठेवले की मुलगी वर्गात बसते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. माँटेसरीची साधने महाग, मग खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या घेतल्या. मोजायला सागरगोटे लाकडी मण्यांइतकेच चालतात. मुलांना आंघोळ घालणे आणि नखे काढणे यापासून दिवस सुरू होई. छायाचित्रांत आपल्याला ती आंघोळ तेवढी दिसते, तिच्यामागचा शोध दिसत नाही. 1975 मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ताराबाई 1973 मध्ये गेल्या होत्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षे काम ओढले. 1985 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 1992 मध्ये त्या गेल्या. स्वतःचे मूल नाही, आणि आयुष्यभर हातात कुणाचे ना कुणाचे मूल.

आणि मग शांताबाई दाणी, खास नाशिकच्या. खडकाळीत 1919 साली जन्मलेल्या. इथे उत्तर पूर्णपणे बदलते. शिकलेला नवरा नाही (शांताबाईंनी लग्नच केले नाही) आणि सुधारक घराणेही नाही. मुलीने शिकावे हा हट्ट होता मोलमजुरी करणाऱ्या आईचा, कुंदाबाईंचा. ज्या बाईला अक्षराचा स्पर्श नाही तिने मुलीच्या अक्षरासाठी जीव टाकावा, याची कारणे त्या काळच्या नाशिकमध्येच होती. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा शांता अकरा वर्षांची होती. पाच वर्षांनी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. देवळाचे दार उघडत नाही, पण शाळेचे दार निदान ढकलता येते, हे खडकाळीतल्या आयांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दादासाहेब गायकवाडांमुळे शांताबाई चळवळीत आल्या. 1946 च्या पुण्याच्या सत्याग्रहात त्यांना येरवड्याचा तुरुंग मिळाला, भूमिहीनांच्या लढ्यात त्या उतरल्या आणि 1968 ते 1974 विधान परिषदेवर होत्या. राजकारणातली बाई म्हणून त्यांची नोंद होते, पण नाशिककरांनी लक्षात ठेवायचे ते दुसरेच काम. रमाबाई आंबेडकरांच्या नावाने त्यांनी मुलींसाठी वसतिगृह आणि शाळा चालवली. वसतिगृह चालवणे म्हणजे भाषण ठोकणे नव्हे. धान्याचा हिशेब, अनुदानाचे कागद, रात्री तापाने फणफणलेली पोर, सुट्टीत घरी गेलेली मुलगी लग्न लावून दिल्यामुळे परतच न येणे हे सगळे त्यात आले. एका कुंदाबाईने एका शांतेसाठी जे केले ते शेकडो मुलींसाठी करायचे तर त्याची संस्थाच लागते. हट्टाला छप्पर, जेवण आणि दिवा जोडला की त्याचे वसतिगृह होते. त्यांचे आत्मकथन ‘रात्रंदिन आम्हा’ भावना भार्गवे यांनी शब्दबद्ध केले. ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ते नाशिकच्या प्रत्येक शाळेच्या कपाटात हवे. ते किती कपाटांत आहे, हे शाळांनीच एकदा पाहावे. 2001 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी शांताबाई गेल्या.

यानंतरच्या बाया अनामिक आहेत. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर डी.एड. झालेल्या मुली रुजू होऊ लागल्या. पहाटेची एसटी, मग पायपीट, मस्टरवर सही, पट टिकवायची धडपड. घरी लेकरू सासूकडे आणि वर्गात चाळीस लेकरे. यांच्यावर गौरवग्रंथ निघत नाहीत, निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळते. यांतल्या कित्येकींनी नोकरीत असताना, मुले मोठी झाल्यावर पदव्या घेतल्या. 1989 मध्ये नाशिकलाच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले त्याचा मोठा लाभ अशा बायकांना झाला. बारावी नसतानाही पूर्वतयारी शिक्षणक्रमावरून पदवीला प्रवेश मिळू लागला. परीक्षेच्या केंद्रावर आई आणि लेक एकाच बॅचला बसल्याची गोष्ट नाशिकमध्ये आता नवलाची राहिलेली नाही. इथे पाटी हाती द्यायला नवरा, घर किंवा आई यांपैकी कोणी लागत नाही. अर्ज बाई स्वतः भरते, शुल्कही बहुधा स्वतःच्या पगारातून.

एक काम मात्र राहिले आहे आणि ते फार खर्चाचे नाही. इगतपुरी, चांदोरी आणि खडकाळी या तिन्ही ठिकाणच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे शोधून जपायला हवीत. अनुताई, शांताबाई आणि त्यांच्या बरोबरीने बसलेल्या, पुढे कुठे गेल्या हे कोणालाच ठाऊक नसलेल्या मुलींची नावे त्यांतच असतील. वाळवीने ती खाण्याआधी जिल्हा परिषदेने किंवा सार्वजनिक वाचनालयाने हे काम अंगावर घ्यावे.