पदपथाचा पैसा कुठून येतो?

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिराच्या बाजूने चालायला लागलं की दोन माणसं गप्पा मारत शेजारीशेजारी चालू शकतात. समोरून बाबागाडी आली तरी कुणाला रस्त्यावर उतरावं लागत नाही. जुनी झाडं जागच्या जागी आहेत, पदपथच त्यांना वळसा घालून गेला आहे. तिथून जरा आत वळून कुठल्याही साध्या गल्लीत शिरलं, की चित्र पालटतं. पदपथ इतका उंच, की आजीबाईंना हात धरून चढवावं लागतं. सोसायटीचं फाटक आलं की तो तुटतो, पुन्हा सुरू होतो आणि थेट विजेच्या डीपीवर जाऊन आदळतो. चेंबरचं झाकण चार बोटं वर आलेलं, त्यापुढे ओळीने दुचाक्या. महापालिका तीच, मिळकतकर तोच, मग एवढा फरक का?

हा फरक कागदावर पडतो. रस्ता कुठून जाणार आणि किती रुंद असणार, हे आधी शहराच्या विकास आराखड्यात ठरतं. जुन्या भागात रुंदी वाढवायची तर महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नवी रेषा आखली जाते. त्या रेषेत ज्यांची जागा जाते, त्यांना रोख मोबदल्याऐवजी बहुतेकदा टीडीआर किंवा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, देऊ केला जातो. जागामालकाला तो पटला नाही की आराखड्यावरचा रुंद रस्ता वर्षानुवर्षं अरुंदच राहतो, आणि त्या अडचणीत पहिला बळी पदपथाचा जातो.

जागा असली तरी काम आपोआप होत नाही. पथ विभागातला अभियंता मोजमाप घेतो, दरसूचीप्रमाणे पूर्वगणनपत्रक तयार करतो, त्याला तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते, स्थायी समिती मान्यता देते आणि मग कार्यादेश हाती पडतो. काम एका आर्थिक वर्षात संपणारं नसेल, तर पुढच्या वर्षांचा खर्च आजच बांधून घ्यायला कलम ‘७२ ब’ची मंजुरी लागते. ही सगळी वाट चालायला एकच गोष्ट आधी हवी: अंदाजपत्रकात त्या कामाची ओळ आणि ओळीपुढे रक्कम. ती नसेल तर उत्तम आराखडाही फायलीतच राहतो.

पैसा येतो तो मुख्यतः मिळकतकरातून, बांधकाम परवानगीच्या शुल्कातून आणि जीएसटीपोटी राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानातून. पूर्वी जकात होती. ती २०१३ साली गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि २०१७ पासून जीएसटी आला. म्हणजे स्वतः ठरवून वसूल करायचा मोठा कर महापालिकेच्या हातून सुटला. गाडी घेताना आपण भरतो तो वाहनकरही राज्याच्या तिजोरीत जातो. ती गाडी चालणारा रस्ता मात्र बहुतांशी महापालिकेने राखायचा. रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घेता आलं असतं. पुण्याच्या सर्वसाधारण सभेने २०१८ साली काटछाट करून वाहनतळ धोरण मंजूरही केलं, पण ते बरीच वर्षं कागदावरच राहिलं.

आणि जो पैसा असतो, तो सुटासुटा होऊन जातो. पुण्याच्या अंदाजपत्रकातली ‘स’ यादी प्रसिद्ध आहे. नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या छोट्या कामांची ही यादी. त्यात गरजेची कामं असतात, यात शंका नाही. पण मार्चअखेर जवळ आली की चांगले पेव्हिंग ब्लॉक उखडून नवे बसवलेलेही पुणेकरांनी पाहिले आहेत. वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ करून एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळवता येतो. ज्याच्यामागे कुणी बोलणारं नाही, त्या कामाचा पैसा आधी वळतो. पदपथामागे बोलणारे थोडे.

जंगली महाराज रस्त्याची गोष्ट मात्र दोनदा वेगळी घडली. १९७३च्या पावसात शहरातले रस्ते उखडले, तेव्हा स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईच्या रेकाँडो कंपनीकडून दहा वर्षांची हमी घेऊन हे काम करवून घेतलं. १९७६ साली पुरा झालेला तो रस्ता पुढे कित्येक वर्षं खड्ड्यांशिवाय टिकला आणि दाखल्यासारखा सांगितला जाऊ लागला. दुसरी वेळ आली ती २०१६ नंतर. त्या वर्षी महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या आरेखनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली होती. बाहेरचे वास्तुविशारद नेमून, गाड्यांची जागा आखून देऊन, उरलेली रुंदी चालणाऱ्यांना दिली गेली. दोन्ही वेळा कुणीतरी अख्ख्या रस्त्याचा एकत्र विचार केला आणि त्यासाठी पैसा एकत्र ठेवला.

अख्ख्या रस्त्याचा विचार म्हणजे काय, हे बंगळुरूने ‘टेंडरशुअर’ योजनेत दाखवलं. तिथे पाणी, सांडपाणी, वीज आणि केबल यांच्या वाहिन्या ठरलेल्या जागी, मुख्यतः पदपथाखाली नेल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी रस्ता फोडायला नको. खर्च जास्त आला आणि त्यावर टीकाही झाली. पण पुण्यात उलटा हिशेब चालतो: केबल टाकणाऱ्या खासगी कंपन्यांकडून मीटरमागे बारा हजारांहून अधिक खोदाई शुल्क घेतलं जातं, आणि तरीही बुजवलेला चर पहिल्या पावसात खचतो.

चेन्नईने २०१४ साली आणखी पुढचं पाऊल टाकलं. वाहतुकीवरच्या खर्चातला किमान ६० टक्के पैसा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी, असं धोरण तिथल्या महापालिकेने स्वीकारलं. उड्डाणपुलांच्या घोषणांवर पोसलेल्या आपल्या शहरांना हे धाडस वाटेल. पण घरातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस, बस पकडणाराही आणि गाडी लावून दुकानात जाणाराही, थोडं तरी चालतोच. त्याच्या वाट्याला अंदाजपत्रकात स्वतंत्र आणि न वळवता येणारी रक्कम ठेवणं हा साधा न्याय आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं.

इंडियन रोड्स काँग्रेसचा २०१२चा निकष सांगतो, की पदपथावर अडथळा नसलेली किमान १.८ मीटर रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मोजपट्टी घेऊन कुणालाही तपासता येईल अशी ही गोष्ट आहे. मोजून कमी भरलं तर मागणीही करता येते: पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातलं काम सुचवता येतं. बराच काळ एका कामाला पाच लाखांची मर्यादा होती. त्यात रस्ता होत नाही, पण तुटलेला पदपथ सांधता येतो, उतार करता येतो, चेंबर समपातळीत आणता येतं. अर्ज पावसाळ्याच्या सुमारास मागवले जातात आणि भरणारे फार थोडे असतात. यंदा अर्ज भरा, सोबत मोजमाप आणि फोटो जोडा, आणि अंदाजपत्रक छापून आलं की त्यात आपलं काम आहे का, ते स्वतः पाहा.