व्ह्यूच्या आड लपलेली टेबले

मायएसक्यूएलमध्ये क्वेरी कॅश ४.० आवृत्तीपासून होता. व्ह्यू आले २००५ मध्ये, ५.० बरोबर. व्ह्यूवरची क्वेरीही कॅश होई, पण व्ह्यू स्वतः काहीच साठवत नाही. तो म्हणजे नाव दिलेली क्वेरी. त्यामुळे कॅशमधला निकाल बांधलेला असे तो आतल्या मूळ टेबलांशी. त्यातल्या एकाही टेबलात एक ओळ बदलली, की त्या टेबलावर आधारलेले सगळे निकाल रद्द. बदललेल्या ओळीचा निकालाशी संबंध नसला तरीही. ग्राहकांच्या यादीच्या व्ह्यूमध्ये कुणी सतत भरत जाणारे लॉग टेबल जोडले असेल, तर तो निकाल कॅशमध्ये टिकणार कसा? आणि वरून क्वेरी लिहिणाऱ्याला ते टेबल दिसतही नाही. खरी अडचण हीच.

व्ह्यूच्या व्याख्येत ‘नाऊ’ किंवा ‘रँड’ फंक्शन असेल, तर निकाल कॅशमध्ये जातच नसे. क्वेरीचा मजकूरही अक्षरन् अक्षर जुळावा लागे; एक जादा स्पेस किंवा कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला, तरी ती नवी क्वेरी. शिवाय अख्ख्या कॅशला एकच कुलूप. अनेक कोअरच्या सर्व्हरवर त्यासाठी रांग लागे. ८.० मधून (२०१८) क्वेरी कॅश काढून टाकला, तो निर्णय योग्यच होता. मारियाडीबीत तो अजून आहे.

निकाल खरोखर साठवायचा असेल, तर पोस्टग्रेसमध्ये ९.३ पासून (२०१३) मटेरिअलाइज्ड व्ह्यू आहे. मात्र तो आपणहून ताजा होत नाही. ‘रिफ्रेश’ची आज्ञा द्यावी लागते.