रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडू नका

बंदी संपत आली, १ ऑगस्टपासून ट्रॉलर परत बाहेर पडणार. जाळी, बर्फ, डिझेल सगळं आठवणीनं भरतो, पण गोळ्यांची पट्टी घरीच राहते. "रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता कशाला?" असं म्हणणारेही आपल्यात आहेत. म्हणून हे लिहितो आहोत.

चरबी पाइपातल्या गाळासारखी साचते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती रक्तवाहिनीच्या भिंतीत साचते. होडीची फळी वरून रंगवलेली, आतून कुजलेली, तसं. वर्षानुवर्षं काही दुखत नाही. मग एक दिवस त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथं रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. बहुतेक हार्ट अटॅक असेच येतात.

अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन जातीच्या गोळ्या. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं, ते काम या मंदावतात. मग यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जास्त ओढून घेतं. भिंतीत नवी भर कमी पडते, आतली सूज उतरते, आवरण घट्ट होतं. जुना थर पुसला जात नाही, मोठ्या डोसनं थोडाफार आकसतो. खरा फायदा तो फुटत नाही यात आहे.

१९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांचा अभ्यास जाहीर झाला. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. पाचेक वर्षांत औषधाविना २५६ जण गेले, औषध घेणाऱ्यांत १८२.

रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल परत चढतं.

अंग दुखलं तर? जाळं ओढूनही दुखतं. पण दोन्ही बाजूंचे स्नायू खूप दुखले, लघवी काळपट झाली तर ताबडतोब डॉक्टर गाठा. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि गोळी चालू आहे म्हणून विडी-तंबाखू चालते असं नाही.

बोटमालकांना विनंती: फेरीला निघताना प्रत्येक खलाशाला विचारा, "गोळ्या घेतल्यास ना?" फेरीच्या दिवसांपेक्षा दोन-चार जास्तच, प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा. खोल समुद्रात छातीत दुखलं तर किनारा लांब असतो.