शाळेच्या मैदानाखालचं किल्लारी

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993चा, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांचा. आज लातूर-नांदेडच्या शाळांत बसलेल्या एकाही मुलाने तो अनुभवलेला नाही. बऱ्याच तरुण शिक्षकांनीही नाही. आजी सांगते तेवढा आणि पुस्तकातल्या आकृतीत दिसतो तेवढाच भूकंप त्यांच्या वाट्याला येतो. त्या आकृतीत जमिनीचे थर पोळीच्या पदरांसारखे एकावर एक रचलेले असतात. ते किती जाड आणि किती खोल, याचा काही पत्ता लागत नाही.

ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे एआर, कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर कृत्रिम चित्र बसवणारी युक्ती, नेमकी इथे उपयोगी पडू शकते. भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी विंधनछिद्र घेतलं, तेव्हा काळ्या बेसॉल्टचा थर सुमारे 338 मीटर भरला आणि त्याखाली कितीतरी जुना खडक लागला. भूकंपाचा उगम त्याहून खूप खाली, काही किलोमीटर खोल होता. आता किलोमीटरला एक मीटर असं प्रमाण धरा आणि मोबाइल शाळेच्या मैदानावर रोखा. पडद्यावर मैदानच कापल्यासारखं दिसेल. बेसॉल्ट जेमतेम फूटभर, आणि उगमाचा ठिपका पायाखाली कित्येक मीटर. पोरं आपसूक दोन पावलं मागे सरतील. हे फळ्यावर जमत नाही.

यामागची करामत फार गूढ नाही. कॅमेरा समोरच्या दृश्यातले ठळक बिंदू हेरतो. फोन किती हलला, कुठे वळला, हे आतले संवेदक सांगतात. दोन्हींचा मेळ घालून फोन क्षणोक्षणी चित्र पुन्हा काढतो, म्हणून ते जागेवर रोवल्यासारखं वाटतं. 1990च्या सुमारास बोइंग कंपनीत विमानाच्या वायरिंगचं किचकट काम सोपं करण्यासाठी या कल्पनेवर काम झालं. शाळेचा विचार कुणाच्या मनात नव्हता.

पुस्तकाला मोबाइल जोडण्याची वाट मात्र आपल्याच राज्यातल्या एका शिक्षकाने दाखवली. सोलापूरच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ते राज्यभरातल्या पुस्तकांत आले. 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. कौतुक या औदार्याचं जास्त झालं. माझ्या मते त्यांची खरी अक्कल अशी की त्यांनी नवं यंत्र मागितलं नाही. घरात असलेला फोन आणि दप्तरात असलेलं पुस्तक, एवढ्यावर भागवलं.

एआरच्या बाबतीत नेमकं हेच विसरलं जातं. विक्रेते चष्मे, खास पेट्या आणि वर्षाची वर्गणी घेऊन येतात. त्यातल्या प्रतिकृतींची नावं इंग्रजीत, आवाज इंग्रजीत. देगलूर-बिलोलीच्या वर्गात मराठीबरोबर तेलुगू बोलणारं मूल असतं, किनवटला गोंडी किंवा बंजारा बोलणारं. त्यांच्यापुढे इंग्रजीतलं हृदय कितीही धडधडलं तरी काय उपयोग? शिवाय दुसऱ्याच्या ॲपवर भिस्त ठेवण्यात धोका आहे. गुगलचं एक्स्पिडिशन्स हे ॲप जगभरच्या शाळा वापरत होत्या, 2021च्या जूनमध्ये कंपनीने ते बंद करून टाकलं.

आणि प्रत्येक पाठाला एआर लागत नाही. कापसावरची बोंडअळी पडद्यावर नाचवण्यापेक्षा वर्ग सरळ बांधावर न्यावा. जे डोळ्यांना दिसतच नाही, जे फार खोल किंवा फार मोठं आहे किंवा जे आता उरलेलं नाही, तिथेच एआर वापरावी. कानाचा आतला भाग, ग्रहणातली चंद्राची कक्षा, कंधारच्या किल्ल्याचा पूर्वीचा डौल. आणि माळवदाचं घर. जाडजूड भिंत, आत-बाहेर दगडांची दोन तोंडं, मधे मातीचा भराव, डोक्यावर कित्येक टन मातीचं छत. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसला की हादऱ्याने भिंत फुगते, फुटते आणि माळवद खाली येतं. त्या पहाटे हजारो माणसं गेली, त्यात या घरांचा वाटा मोठा होता. मुलाने प्रतिकृतीत बोटाने आरपार दगड बसवून पुन्हा हादरा द्यावा आणि भिंत टिकते का ते पाहावं. आजही दगडमातीच्या घरात राहणाऱ्या मुलासाठी हा परीक्षेपुरता धडा राहत नाही.

प्रत्येक फोनवर एआर चालत नाही, त्यामुळे आधी आपला फोन तपासा. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, प्रतिकृती आदल्या रात्री उतरवून ठेवा. तंत्रस्नेही गुरुजींनो, लातूर-नांदेडच्या मुलांसाठी किल्लारीचा हा एक पाठ मराठीत, फुकट आणि नेटशिवाय चालेल असा तुम्हीच मिळून तयार करा. बाकीचे पाठ नंतर बघू.